पी.पी. नंबर ते प्रॉक्सी : दूरच्या यंत्राला हाक

नगर जिल्ह्याच्या (आता अधिकृत नाव अहिल्यानगर) अकोले, संगमनेर, राहुरी या भागांत उसाला पाणी द्यायचे तर ते वीज असेल तेव्हाच देता येते, आणि शेतीपंपांची थ्री-फेज वीज आळीपाळीने काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री मिळत आलेली आहे. विहीर वस्तीपासून लांब, वाट उसातून, आणि उसात बिबटे. बिबट्यांची ही गोष्ट सांगोवांगीची नव्हे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातील १७९ चौरस किलोमीटर शेतजमिनीत स्वयंचलित कॅमेरे लावून मोजणी केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार तेथे दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तितकेच तरस होते. आणि हा भाग म्हणजे जंगल नाही, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहत असलेली शेती आहे. अशा ठिकाणी रात्री दोन वाजता एक बटन दाबण्यासाठी माणसाने बॅटरी घेऊन बाहेर पडायचे, ही या लेखामागची अडचण आहे.

या अडचणीवर शेतकऱ्यांनी काढलेला पहिला तोडगा म्हणजे ‘ऑटो स्विच’. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो. तोडगा एकट्यापुरता उत्तम, पण रोहित्रावरच्या सगळ्यांनीच तो वापरला की वीज येताक्षणी सगळे पंप एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते. परिणामी रोहित्र जळते आणि सगळ्यांचेच पाणी बंद पडते. म्हणून वीज कंपनी ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असे वारंवार सांगत आलेली आहे. खरी गरज होती ती दुसऱ्याच गोष्टीची : घरात बसून, आपल्याला हवे तेव्हा, दूरच्या यंत्राला हाक मारता येण्याची आणि त्याचे उत्तर ऐकता येण्याची.

दूरच्या यंत्राला हाक मारणे ही कल्पना इंटरनेटच्या जन्माइतकीच जुनी आहे. किंबहुना इंटरनेटचा जन्मच तिच्यापोटी झाला. पत्रे पाठवणे, चित्रे पाहणे हे सारे नंतर आले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ल्स क्लाइन या विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकात दुरून प्रवेश करण्याचा प्रयत्न केला. ‘लॉगिन’ हा शब्द टंकायचा होता. ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक कोलमडला. तासाभराने प्रयत्न यशस्वी झाला. त्या जाळ्यावरच्या प्रत्येक संगणकाला स्वतःचा पत्ता होता, आणि पत्ता माहीत असलेल्या कोणालाही त्याचे दार ठोठावता येत असे. हे वैशिष्ट्य लक्षात ठेवावे, कारण पुढे आपण तेच गमावले.

आपल्याकडे दार ठोठावण्याची रीत वेगळी होती. टेलिफोन मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे त्या काळात अनेकांच्या पत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर एक क्रमांक असे आणि त्यापुढे ‘पी.पी.’ ही दोन अक्षरे. तो क्रमांक शेजाऱ्याचा असे. फोन शेजाऱ्याकडे वाजे, शेजारी “थांबा हं, बोलावतो” म्हणून खिडकीतून हाक मारी, आणि आपण ओल्या हातांनी धावत जात असू. जगाच्या दृष्टीने आपला पत्ता म्हणजे शेजाऱ्याचा पत्ता. शेजारी घरी नसला तर आपण जगात नाही. शेजाऱ्याशी भांडण झाले तरीही तेच. संगणकशास्त्रात ज्याला प्रॉक्सी म्हणतात तो हाच शेजारी होय. महाविद्यालयातील हजेरीची ‘प्रॉक्सी’ शिक्षकांच्या चांगल्याच परिचयाची आहे. तिच्यातही एक जण दुसऱ्याच्या वतीने उत्तर देतो, आणि विचारणाऱ्याला खरा माणूस कोठे आहे हे कळत नाही.

मोबाइल फोन आला तेव्हा हा शेजारी अनावश्यक झाला. भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाले. मोबाइलच्या जाळ्याची खरी करामत बिनतारीपणात नाही, नोंदवहीत आहे. आपला फोन एका भागातून दुसऱ्या भागात गेला की तो आपणहून जाळ्याला कळवतो, ‘मी आता इकडे आहे’. जाळे ती नोंद ठेवते. म्हणून आपला क्रमांक फिरवणाऱ्याला आपण अकोल्यात आहोत की अकोल्यात नाही याची फिकीर करावी लागत नाही. शोधण्याचे काम जाळ्याने स्वतःकडे घेतलेले असते. सिमकार्ड ज्या यंत्रात असेल त्या यंत्राला जगातून कोठूनही हाक मारता येते. ते यंत्र माणसाच्या खिशातच असले पाहिजे असे नाही.

पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी नेमके हेच हेरले. आपल्या आजोबांना रात्री-अपरात्री पंपापर्यंत चालत जावे लागे हे त्यांनी पाहिले होते. त्यांच्या ‘नॅनो गणेश’ या उपकरणात पंपाच्या स्टार्टरला एक मोबाइल जोडलेला असतो. शेतकरी त्या मोबाइलचा क्रमांक लावतो, सांकेतिक आकडे दाबतो आणि पंप सुरू किंवा बंद होतो. तेथे वीज आहे की नाही हेही कानात ऐकू येणाऱ्या आवाजावरून कळते. २००९ साली नोकिया कंपनीच्या नवकल्पनांच्या जागतिक स्पर्धेत या उपकरणाला पारितोषिक मिळाले.

यामागचे विज्ञान नववीच्या वर्गात सहज सांगता येईल असे आहे. फोनचे बटन दाबल्यावर येणारा ‘टूं’ हा एक सूर नसून दोन सुरांची बेरीज असते. बटनांच्या चार आडव्या ओळींना ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्‌झ या वारंवारता दिलेल्या आहेत, आणि तीन उभ्या रांगांना १२०९, १३३६ आणि १४७७. पाच हा आकडा दुसऱ्या ओळीत, मधल्या रांगेत. म्हणून त्याचा आवाज ७७० अधिक १३३६. या वारंवारता मुद्दाम अशा निवडल्या आहेत की एक दुसरीची साधी पट होत नाही, म्हणजे माणसाच्या बोलण्यातून किंवा शिट्टीतून चुकून ‘पाच’ उमटण्याची शक्यता फार कमी. अमेरिकेत १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये ही पद्धत ग्राहकांसाठी सुरू झाली, ती तबकडी फिरवण्याचा वेळ वाचावा म्हणून. पुढे तिचा उपयोग उसातला पंप सुरू करायला होईल हे कोणाच्या ध्यानीमनी असणे शक्य नव्हते.

येथपर्यंतचा इतिहास सरळ आहे. पुढे मात्र एक कोडे येते. आज तेच सिमकार्ड आपण ४-जी राउटरमध्ये घालतो, त्याला विहिरीवरचा कॅमेरा, पाण्याच्या पातळीचा मापक, घरातला लहानसा संगणक असे सारे जोडतो, आणि नगरला किंवा न्यू जर्सीला बसून त्या संगणकाला हाक मारू पाहतो. हाक पोचत नाही. त्या सिमचा टेलिफोन क्रमांक जगातून कोठूनही लागतो, पण त्याच सिमवरच्या इंटरनेटला बाहेरून हाक मारता येत नाही. असे का व्हावे?

उत्तर १९८१ सालच्या एका हिशेबात आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये इंटरनेटच्या पत्त्याची जी रचना ठरली तिच्यात पत्त्यासाठी ३२ द्विमान अंक राखले गेले. २ चा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. सुमारे चारशे एकोणतीस कोटी पत्ते. तेव्हा जाळ्यावर काही शे संगणक होते, त्यामुळे कोणाला ही कंजुषी वाटली नाही. हे पत्ते अमेरिकेत सढळ हाताने वाटले गेले. आपल्या वाट्याला येईपर्यंत भांडे बरेच रिकामे झाले होते. जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले, आणि आशिया-प्रशांत विभागाकडचा खुला साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला संपला. भारतात मोबाइलवरून इंटरनेट घरोघर पोचले ते त्यानंतर. म्हणजे पंगत बसली आणि पत्रावळी संपल्या.

मग कोट्यवधी फोन चालतात कसे? त्याची युक्ती शाळेच्या कार्यालयात रोज दिसते. शाळेतील कोणीही शिक्षक बाहेर पत्र पाठवतो तेव्हा पत्रावर पत्ता शाळेचा असतो आणि जावक क्रमांक असतो. कारकून नोंदवहीत लिहितो : जावक क्रमांक अमुक, पत्र तमुक गुरुजींचे. उत्तरात ‘आपले पत्र क्रमांक अमुक’ असा उल्लेख येतो, कारकून वही पाहतो आणि पत्र त्या गुरुजींच्या टेबलावर ठेवतो. जिल्हा परिषदेला गुरुजींचे नावही माहीत असण्याची गरज नाही. इंटरनेटवर हेच काम करणाऱ्या पद्धतीचे, म्हणजे पत्ता-बदलाचे, वर्णन १९९४ च्या मे महिन्यात एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी प्रसिद्ध केले. जावक क्रमांकाच्या जागी तेथे ‘पोर्ट’ क्रमांक असतो, आणि तो १६ द्विमान अंकांचा असल्याने एका पत्त्यामागे ६५,५३६ क्रमांक उपलब्ध होतात. लेखकांनी स्वतःच ही तात्पुरती सोय असल्याचे म्हटले होते. तात्पुरत्या सोयी किती टिकतात हे सरकारी शाळांच्या इमारती पाहणाऱ्यांना सांगायला नको.

घरातल्या राउटरपुरती असलेली ही वही पुढे मोबाइल कंपन्यांनी आपल्या केंद्रात, शेकडो ग्राहकांना मिळून एक सार्वजनिक पत्ता देण्यासाठी वापरायला घेतली. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते खास राखून ठेवले गेले. वर्गात करून पाहण्यासारखी गोष्ट आहे. वायफाय बंद करून मोबाइलच्या ‘फोनविषयी’ या विभागात त्याचा पत्ता पाहावा, आणि नंतर आपला पत्ता सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर तो पाहावा. पहिला आकडा पुष्कळदा १० ने किंवा १०० ने सुरू होतो, दुसरा अगदीच वेगळा असतो. पहिला म्हणजे गुरुजींचे टेबल, दुसरा म्हणजे शाळेचा पत्ता. (फोनमध्ये अंक आणि अक्षरे मिसळलेला लांबलचक पत्ताही दिसू शकतो, त्याविषयी पुढे.)

आता कोडे सुटते. जावक क्रमांक नसलेले, कोणत्याही पत्राचे उत्तर नसलेले एक पाकीट शाळेत आले तर कारकून काय करणार? वहीत नोंद नाही, गुरुजींचे नाव नाही. पाकीट टोपलीत जाते. बाहेरून आलेली आपली हाक मोबाइल कंपनीच्या दारात अशीच टोपलीत जाते. आतून बाहेर जाता येते, बाहेरून आत येता येत नाही. १९६९ साली दोन्ही टोके सारखी होती. आता एक टोक फक्त विचारणारे झाले आणि दुसरे फक्त सांगणारे. आमच्या मते पत्त्यांच्या टंचाईचा सर्वांत मोठा परिणाम हा आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झालेली आहे.

दरवाजा आतूनच उघडणारा असेल तर उपाय एकच उरतो : आतल्या यंत्राने स्वतः बाहेर हाक मारावी, बाहेरच्या एका शेजाऱ्याशी बोलणे सुरू करावे आणि फोन खाली ठेवूच नये. आपल्याला यंत्राशी बोलायचे असेल तेव्हा आपण त्या शेजाऱ्याकडे जायचे. पी.पी. नंबरच परत आला, फक्त खिडकीतली हाक कायमची चालू ठेवलेली.

शेजाऱ्याची कल्पना वेबच्या जगात १९९४ सालीच आली होती. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत भरलेल्या पहिल्या जागतिक वेब परिषदेत आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस यांनी वेब प्रॉक्सीवर निबंध वाचला. संस्थेभोवती सुरक्षेची भिंत असेल तर भिंतीवर बसलेल्या एका संगणकाने सर्वांच्या वतीने बाहेर जावे आणि पाने आणून द्यावीत, अशी ती योजना. एकाने मागितलेले पान जपून ठेवले तर दुसऱ्याला लगेच देता येते, हा वरचा फायदा. भारतात हा वरचा फायदाच मुख्य ठरला. शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या ‘अर्नेट’चे काम १९८६ पासून सुरू होते, १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, पण तारा बारीक आणि माणसे फार. आमच्या पिढीतील संशोधक विद्यार्थ्यांना ३१२८ हा आकडा अजून आठवत असेल. ‘स्क्विड’ नावाच्या प्रॉक्सीचा तो ठरीव पोर्ट क्रमांक. तो भरल्याशिवाय वसतिगृहात एकही पान उघडत नसे.

सुरक्षित वाट मिळाली ती १९९५ मध्ये. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणीतरी जाळ्यावर कान लावून संकेतशब्द चोरले, त्यावर तातू युलोनेन या संशोधकाने दूरच्या संगणकाशी सांकेतिक भाषेत बोलणारी ‘एसएसएच’ ही आज्ञावली लिहिली. तिच्यात एक सोय आहे. आतल्या यंत्राने बाहेरच्या संगणकाशी बोगदा जोडला की त्या बोगद्यातून बाहेरचे दार उलट आत उघडता येते. आज वस्तीवरची व्यवस्था याच तत्त्वावर होते. सिम घातलेला राउटर. त्याला जोडलेला तळहाताएवढा संगणक (‘रास्पबेरी पाय’ या नावाचा असा संगणक २०१२ पासून मिळतो). आणि सार्वजनिक पत्ता असलेला, मुंबईत किंवा अन्यत्र भाड्याने घेतलेला एक संगणक, हा आपला शेजारी. वस्तीवरचा संगणक शेजाऱ्याकडे बोगदा जोडतो आणि थोड्या थोड्या वेळाने ‘मी आहे’ एवढेच म्हणत राहतो. हे म्हणणे आवश्यक असते, कारण मोबाइल कंपनीच्या वहीतली नोंद संभाषण थांबल्यास काही मिनिटांत खोडली जाऊ शकते.

याच बोगद्याचा उलटा उपयोगही होतो. परदेशी राहणारा मुलगा आपली सारी वाहतूक वस्तीवरच्या संगणकातून बाहेर काढू शकतो. मग बाहेरच्या जगाला तो अकोल्यात बसलेला दिसतो, आणि परदेशातून न उघडणारी एखादी सरकारी सेवा उघडते. यालाच घरचा मोबाइल प्रॉक्सी म्हणतात. मोबाइलच्या पत्त्याला येथे विशेष किंमत आहे. एका पत्त्याआड शेकडो प्रामाणिक ग्राहक असल्याने कोणतेही संकेतस्थळ तो पत्ता सरसकट बंद करायला कचरते. हे प्रामाणिक माणसांना कळते तसे लबाडांनाही कळते. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ‘९११ एस-५’ नावाचे एक जाळे मोडले. फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीतून लोकांच्या नकळत त्यांचे संगणक प्रॉक्सी बनवून ते भाड्याने दिले जात होते, आणि त्यात १ कोटी ९० लाखांहून अधिक पत्ते सापडले होते. ‘तुमचे न वापरलेले इंटरनेट विका’ अशा जाहिराती विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर येतात. त्यांनी होकार दिल्यावर दुसऱ्याने केलेल्या फसवणुकीत पत्ता त्यांचा निघतो, आणि चौकशी त्या पत्त्यापासून सुरू होते. हजेरीच्या प्रॉक्सीत निदान कोण कोणासाठी बोलला हे वर्गाला ठाऊक असते.

लांब पत्त्याचे काय? पत्त्यांना ३२ ऐवजी १२८ अंक देणारी नवी रचना १९९५ च्या डिसेंबरमध्येच प्रसिद्ध झाली होती. भारतात ती मोठ्या प्रमाणावर आली ती ४-जीबरोबर, विशेषतः सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर, आणि या रचनेच्या वापरात भारत आज जगात आघाडीवर असलेल्या देशांपैकी एक आहे. म्हणजे फोनला आता खरा, स्वतःचा पत्ता पुन्हा मिळू लागला आहे. तरीही बाहेरून हाक बहुधा लागत नाही, कारण पत्ता मधूनमधून बदलतो आणि नको असलेले पाहुणे कंपनी दारातच अडवते. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यही आहे. टंचाईतून आलेली सवय टंचाई संपल्यावरही राहिली, आणि मधला शेजारी टिकून राहिला.

हा शेजारी कोण असावा, हा प्रश्न मात्र पंपाच्या बाबतीत पुस्तकी राहत नाही. बाजारातील अनेक स्मार्ट उपकरणांत शेजारी म्हणजे उत्पादक कंपनीचा संगणक असतो. कंपनी बंद पडली, वर्गणी संपली, की विहिरीवरचे चांगले यंत्र मुके होते. आकड्यांच्या सुरांवर चालणाऱ्या जुन्या उपकरणाला असा मध्यस्थ लागत नाही, हे त्याचे मोठे बळ. त्याची मर्यादा वेगळी : २-जी वर चालणाऱ्या यंत्रात जिओचे सिम घालून उपयोग नाही, कारण त्या कंपनीचे २-जी जाळेच नाही. भाड्याचा संगणक स्वतःचा ठेवला तर मालकी आपल्याकडे राहते, पण मग कुलूपकिल्ल्याही आपणच सांभाळायच्या. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने जगभरातील असंख्य घरगुती कॅमेरे ताब्यात घेतले, ते केवळ कारखान्यातून आलेला संकेतशब्द कोणी बदललेला नव्हता म्हणून.

पंपाला जोडताना काही गोष्टी तर जाळ्यावर सोडूच नयेत. विहीर आटली की मोटर बंद करणे, दाब कमी-जास्त झाल्यास तोडणे, हे निर्णय स्टार्टरमध्येच व्हायला हवेत. बोगदा नेमका त्याच क्षणी तुटलेला असू शकतो. कोणी विहिरीत उतरले असेल किंवा वायर जोडत असेल तर दुरून पंप सुरू करणाऱ्याला ते दिसत नाही, म्हणून जागेवर हाताने फिरवायचा एक स्विच असा असावा की तो बंद असताना कोणतीही हाक यंत्रापर्यंत पोचणार नाही. आणि रात्रीची वीज हे मूळ दुखणे दिवसा वीज देऊनही दूर होते. शेतीच्या वाहिन्या सौरऊर्जेवर चालवण्याची राज्याची योजना २०१७ मध्ये आली, आणि तिचे जे प्रकल्प सर्वांत आधी हाती घेतले गेले त्यांत याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचा होता.

ती सोय अजून सगळीकडे पोचलेली नाही, तोवर वस्तीवरचा लहान संगणक रात्री जागा राहिला पाहिजे. वीज गेली की राउटर बंद, बोगदा तुटलेला, शेजारी वाट पाहत बसलेला. म्हणून बसवणाऱ्याने दोन गोष्टी आधी कराव्यात : राउटर आणि संगणक या दोघांना मिळून एक लहान बॅटरी द्यावी, आणि संगणक सुरू होताच, कोणी न सांगता, तो स्वतःच पुन्हा शेजाऱ्याला हाक मारील अशी आज्ञा त्यात लिहून ठेवावी. मग एकदा मुद्दाम मेन स्विच पाडून, बॅटरी काढून, पुन्हा जोडून घड्याळ लावून पाहावे, किती मिनिटांत तो परत बोलू लागतो ते.